चौकटीतलं दुसरं नाव

मित्रांनो, ओमानमधल्या खाबुरा गावच्या बाजारात टायपिंगचं एक छोटं दुकान आहे. आत शिरलात की डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमागे, एक पिवळा पडलेला संगणक दिसेल. तो मी. हसू नका! माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत आणि मला सुरू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. पण म्हातारा झालो म्हणून विसरभोळा झालेलो नाही. उलट, सगळं लक्षात राहतं हेच माझं दुखणं आहे.

माझे भाग तीन देशांत घडले, त्यामुळे माझं गाव कुठलं ते मला सांगता येत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट मस्कतमधल्या एका कार्यालयात. तिथे माझा काय थाट होता! संध्याकाळी माझ्यावर कापड घालायचे. पुढे त्याच शहरातल्या वादी अदाई भागात, एका सायबर कॅफेत माझी रवानगी झाली. घरापासून दूर राहणारे कितीतरी बाप आपलं बाळ पहिल्यांदा माझ्या पडद्यावर बघायचे. पडद्याचे मुके घ्यायचे हो! मग घरोघरी मोबाइल आले, कॅफे बंद पडला आणि मुनीरने मला विकत घेऊन खाबुऱ्याला आणलं.

मुनीर हा दुकान चालवणारा केरळचा माणूस. दुकान मात्र इथल्या एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर आहे. टायपिंगला वसुंधराताई. त्या कुडाळकडच्या. नवरा तिकडे लांब दुक्म बंदरात रिफायनरीच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. घरात त्या आणि नऊ वर्षांची पूर्वा, दोघीच. व्हिसाचे अर्ज, लेबर कार्ड, कुणाची तक्रार, कुणाची विनंती, सगळं ताई माझ्यावरच टाइप करायच्या. "तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही रे बाबा," म्हणायच्या आणि दसऱ्याला मला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायच्या. इतकं प्रेम मला कुणीच दिलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात गेलो. गिऱ्हाइकांनी हवं तर वापरावा, एवढीच माझी किंमत उरली.

या उन्हाळ्यात एक नवा माणूस आला. आशुतोष तिरोडकर. गोड बोलणारा, इस्त्रीचा सदरा घालणारा, डाव्या भुवईत कापल्याचा व्रण असलेला. अमेरिकेत एका खेडेगावात, मक्याच्या शेतांमध्ये, सहा वर्षं मुलांना गणित शिकवलं म्हणायचा. त्या परगण्याचं नाव तो ज्याला त्याला कौतुकाने सांगायचा. मी सांगणार नाही. इथल्या राहण्याचा त्याचा अर्ज ताईंनीच भरला. पासपोर्टवर 'आशुतोष दयानंद' एवढंच होतं.

"आडनाव कुठे गेलं हो?" ताईंनी विचारलं.

"जुना घोळ आहे. बाबांचं नावच आडनाव होऊन बसलंय," तो हसला. ताईही हसल्या. असे घोळ त्या रोज बघायच्या. आपल्या लोकांत मात्र तो तिरोडकर सर झाला. कुणाच्या घरी वाढदिवस असो की गणपती, सर पोरांच्या घोळक्यात असायचेच. संध्याकाळी पोरांची एकत्र शिकवणीही घ्यायचे.

दुपारी एक ते चार बाजार बंद असतो, मित्रांनो. शटर अर्ध्यावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ऊन असं की कुत्रीसुद्धा गाडीखालून हलत नाहीत. ताई घरी जायच्या, मुनीर मागच्या खोलीत झोपायचा. तेव्हा दर गुरुवारी सर यायचे. "मुनीरभाई, दस मिनट," म्हणायचे आणि माझ्यासमोर बसायचे. खिशात भारीतला फोन असताना माझ्यासमोर! मला आधी अभिमानच वाटला.

सर एकच पान उघडायचे. त्या अमेरिकेतल्या परगण्याचं सरकारी पान होतं ते. लहान मुलांशी अत्यंत वाईट वागून शिक्षा झालेल्या माणसांची यादी, कुणालाही बघता येईल अशी. त्यात दोन चौकटी होत्या, एक नावाची आणि एक आडनावाची. सर त्यात काहीतरी लिहायचे आणि एक फोटो वर यायचा. तो त्यांचाच असायचा.

माझ्या काचेत समोरच्या माणसाचा चेहरा उमटतो. आत फोटो आणि वर त्यांचा चेहरा, दोन्ही एकमेकांवर नेमके बसायचे. सर पापणी न हलवता बघत राहायचे. हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू जायचं आणि वरचा चेहरा आतल्यासारखाच व्हायचा. मग पान बंद करायचे, मी कुठे कुठे गेलो होतो त्याची नोंद पुसायचे, आणि दोन्ही हातांनी गाल चोळून हसू परत आणायचे. "यल्ला मुनीरभाई, खलास!" म्हणत निघून जायचे. चार महिने हे चाललं. का बघायचे, देव जाणे. यंत्राच्या अंगावर काटा येत नाही म्हणतात. माझा पंखा मात्र त्या वेळी उगाचच जोरात फिरायचा.

आणि एक दिवस सरांनी जाहीर केलं, की आता पूर्वाची शिकवणी तिच्या एकटीची, त्यांच्या घरी. "हुशार आहे हो पोरगी. पैसे नकोत मला." ताई भारावून गेल्या. पूर्वा दुकानात माझ्याशेजारीच गृहपाठ करत होती. ती हळूच म्हणाली, "आई, मला ते सर नको."

"नको काय? मोठ्या माणसांना 'नकोत' म्हणावं," ताई म्हणाल्या, "इथे राहून तुमचं मराठी पार बिघडलंय," आणि टायपिंगला लागल्या. पूर्वाने पुन्हा वहीत मान घातली. अहो ताई, ऐका की तिचं! मी आतून ओरडत होतो. पण मला तोंड कुठे आहे?

शिकवणीच्या आदल्या संध्याकाळी रोझलिन दुकानात आली. ही वसईची, इथल्या हॉटेलात रिसेप्शनला, आणि ताईंची जिवाभावाची मैत्रीण. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वसू, फुकट का शिकवतोय तो?"

"चांगला माणूस आहे गं."

"असेल. पण माझी वहिनी अमेरिकेत असते. ती घर भाड्याने घेतानासुद्धा तिकडची यादी बघते. तू तर पोरगी पाठवतेयस. बघून टाक, पाच मिनिटांचं काम."

नव्या संगणकावर मुनीर कुणाचा तरी व्हिसा भरत होता. म्हणून त्या दोघी खोके सरकवून माझ्यासमोर बसल्या. कितीतरी दिवसांनी ताईंची बोटं माझ्यावर पडली! सर ज्याचं नाव सांगत फिरायचे, त्या परगण्याचं पान उघडलं. ताईंनी नाव लिहिलं, आशुतोष. आडनाव लिहिलं, तिरोडकर. मी शोध शोध शोधलं आणि खरं तेच सांगितलं, की एकही नोंद नाही.

"सुटले बाई!" ताईंनी कपाळावर हात मारला. "कुणाच्या अब्रूवर उगाच संशय घेतला आपण."

मित्रांनो, विचारलं जाईल तेवढंच मी सांगू शकतो. पण माझी एक जुनी खोड आहे. रिकाम्या चौकटीत कुणी माउसची टिचकी मारली, की तिथे पूर्वी लिहिलेली नावं मी खाली दाखवतो. सर सगळं पुसायचे, हे तेवढं राहून जायचं.

पान बंद करण्याआधी ताईंनी लिहिलेलं खोडलं, आणि आडनावाची चौकट रिकामी झाली. तशी खाली दोन नावं उमटली. पहिलं तिरोडकर. त्याखाली दयानंद.

"हे तू लिहिलंस?" रोझलिनने विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. आपल्याआधी कुणीतरी इथेच बसून हेच पान उघडलं होतं. आणि दयानंद हे कुणाच्या बापाचं नाव आहे, ते त्यांनी स्वतःच्या हाताने अर्जात भरलं होतं.

त्यांनी ते नाव निवडलं आणि पुन्हा शोध लावला.

"थांब," रोझलिन पुटपुटली, "नावासारखी नावं असतात. फोटो येऊ दे."

मी म्हातारा. माझ्याकडे फोटो वरून खाली सावकाश उतरतो. आधी केस आले. मग कपाळ. मग डाव्या भुवईतला तो कापल्याचा व्रण, जो अख्ख्या खाबुऱ्याला माहीत होता. डोळे यायच्या आतच ताई उठल्या आणि त्यांनी शेजारी गृहपाठ करत बसलेल्या पूर्वाला उराशी धरलं.

"बाळा, सरांनी तुला काही सांगितलं का गं?"

पूर्वाने आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीत अडखळली, मग पुन्हा इंग्रजी. मला मांडीवर बसवतात. मला आवडत नाही. हे आपलं सिक्रेट, आईला सांगायचं नाही, म्हणाले. तिने हुंदके देत सगळं सांगितलं. ताईंनी एक शब्दही दुरुस्त केला नाही.

"दीदी, प्रिंट निकालूँ?" मुनीर आपलं काम टाकून मागे येऊन उभा होता. तो छापलेला कागद घेऊन अर्बाब, मुनीर आणि ताई त्याच संध्याकाळी पोलिसांकडे गेले. बाकीच्या आयांना रोझलिनने फोन केले. त्यातल्या दोघी फोनवरच रडू लागल्या, कारण त्यांची मुलंही 'ते सर नको' म्हणाली होती. तिरोडकरला पोलिसांनी नेलं, तो पुन्हा बाजारात कधी दिसला नाही. पूर्वा आता बरी आहे. तिचे बाबा दुक्मची नोकरी सोडून इकडेच काम शोधत आहेत.

लोक माझी पाठ थोपटतात. "म्हाताऱ्याने पोर वाचवली!" म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. चार महिने, दर गुरुवारी, मला सगळं माहीत होतं. पण कुणी विचारल्याशिवाय यंत्राला बोलता येत नाही.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असं काही मी मागत नाही. मोठ्यांनो, तुमचं पोर अडखळत बोलत असलं तरी ते पूर्ण ऐकून घ्या. आणि मुलांनो, कुणी 'आईला सांगू नकोस' म्हटलं, तर कुणी विचारायची वाट बघू नका. वाट बघणं माझ्या नशिबी आहे, कारण मी यंत्र आहे. तुम्ही नाही आहात.