एकशे नऊची पाटी

मी उचगावची जयाबाई. बेळगावात स्टँडाजवळच्या एका हॉटेलात पंधरा वर्षं झाली, रूमा साफ करते. लोक म्हणतात जयाबाई लई फटकळ. व्हय, हाय मी फटकळ. दुसऱ्यांची घाण रोज उचलून बघा, मग तुमची जीभ किती गोड राहती ते कळंल. पण एवढ्या वर्षांत एका रूममधलं कधी दुसरीकडं बोलले न्हाय. कोण कुणासंगं आलता, कुणाच्या उशीखाली काय घावलं, सगळं पोटात. ह्या कामाला हात चालता पाहिजे आन् तोंडाला कुलूप पाहिजे.

वरच्या मजल्यावरच्या बारा रूमा माझ्याकडं. प्रत्येक दाराला एक पाटी लटकवल्याली असती. एक बाजू लाल, एक बाजू हिरवी. लाल दिसली की आत जायचं न्हाय, हिरवी दिसली की साफ करायचं. वर कानडीत आन् इंग्लिशात कायतरी छापलंय, ते मला वाचाय येत न्हाय, मी रंग बघते. आन् पाटीच नसली तर दार वाजवून इचारायचं, असा आमचा नेम.

त्या आठवड्यात पाट्या जायला लागल्या. सोमवारी एकशे तीनची गेली. मला काय त्याचं नवल वाटलं न्हाय. माणसं साबण नेतात, टॉवेल नेतात, एका शहाण्यानं तर नळाची तोटी काढून नेलती. मंगळवारी एकशे सहाची आन् सातची गेली. काउंटरवरचा शामू मलाच बोलला, म्हणला जयाबाई, तुमचं लक्ष कुठं असतंय? मी म्हणलं, माझं लक्ष कामावर असतंय, तुझं मोबाईलवर असतंय.  पण माझा ताप वाढला. पाटी न्हाय म्हंजे दार वाजवा, हाक मारा, आतल्यांच्या शिव्या खावा. बुधवारी तर सहा दारं वाजवली मी.

त्यात एकशे नऊ होतं. तिथं एक पोरगी राहत होती, असंल पंचवीस-सव्वीसची. रविवारी टिळकवाडीच्या नीलम वकीलबाई तिला घेऊन आलत्या. रूम वकीलबाईंच्या हाफिसातल्या कुणाच्या तरी नावावर. जाताना बाईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणल्या, मावशी, शुक्रवारी हिला कोर्टात उभी करायचीय. तवर ही कुणाला दिसता कामा नये. चहा-जेवण तुम्हीच न्या, नाव इचारू नका, आन् कायबी वेगळं दिसलं तर मला फोन करा. नंबर माझ्या मोबाईलात त्यांनी सोताच घातला. कुणी असा इश्वास टाकला की माणूस फुगतंय, तशी मी फुगले.

मंगळवारी दुपारी पोरगी आपणहून बोलली. निपाणीकडच्या एका दवाखान्यात नर्स होती. बायकांच्या पोटात पोरगा हाय का पोरगी ते चोरून बघायचे तिथं, आन् पोरगी असली की पुढचंबी तिथंच उरकायचे. हिनं दोन वर्षांची नावं, तारखा एका वहीत लिवून ठेवलत्या. डॉक्टरच्या माणसांनी तिच्या आईला घरी येऊन सांगितलतं, तुझी पोरगी बोलायला लागली तर ती पुन्यांदा घरी येणार न्हाय. हे सांगून तिनं मी आणल्याला चहा एका दमात पिऊन टाकला.  मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आन् म्हणलं, शुक्रवार काय लांब न्हाय गं बाय.

बुधवारी तिच्या दाराची पाटी गेली. मी दार वाजवलं तर आतनं आवाज आला, "कोण हाय?" असा आवाज की जसं काय वाघ आलाय. मी जयाबाई म्हणल्यावर तिनं दोन बोटं दार उघडलं. मग मीच तिला एक युक्ती सांगितली. माझ्या सामानाच्या ढकलगाडीचं एक चाक लई कुरकुरतंय. ते ऐकू आलं की समज मीच आले, कडी काढ. ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

एकशे दहामधी, तिच्या समोरच्याच रूममधी, सोमवारपासनं एक माणूस होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला लई गोड. मावशी जेवलात काय, मावशी पाय दुखत्यात काय. रूममधी रेंज मिळंना म्हणून वऱ्हांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा. बुधवारी त्याचीबी पाटी गेली. त्यानंच मला सांगितलं आन् म्हणला, तुमच्या हॉटेलात भारी चोर शिरलाय. मला बरं वाटलं, चला, माझ्यावर आळ न घेणारा एक तरी हाय.

गुरवारी सकाळी साडेदहाला तो म्हणला, मावशी, आज माझी रूम करा. आन् सोता बाहेर खुर्चीवर बसला. मी गाडी आत घेतली, चादर काढली. आता गादीखाली कोण हात घालतंय, असं त्याला वाटलं असंल. मी घालते. चादर गादीखाली नीट खोचल्याबिगर माझं मन भरत न्हाय. हात घातला तर हाताला पुठ्ठं लागलं. वढून बघितलं तर पाट्या. आमच्याच पाट्या, सात होत्या.

प्रत्येक पाटीवर हिरव्या बाजूला पेनानं मराठीत लिवलंतं. एकशे तीन, म्हातारा, कानडी. एकशे सहा, नवराबायको, हिंदी. एकशे सात, पोरं, कॉलेजची. आन् एकशे नऊच्या पाटीवर लिवलंतं, बाई, एकटी, बोली निपाणीची, दार पुरतं उघडत न्हाय. त्याखाली दोन रेघा मारलत्या.

 दारं मी वाजवलती. तो पाट्या काढायचा आन् मी वाजवत फिरायचे, आतनं माणसं बोलायची आन् हा पेपरमागं बसून ऐकायचा. त्यानं एकाबी दाराला हात लावला न्हवता. माझ्या हातानं त्यानं ती पोरगी हुडकून काढली. आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते आंधळं मी होते.  बाहेरनं तो म्हणला, "मावशी, झालं काय?"

मी म्हणलं, बाथरूम राहिलंय. पाट्या होत्या तशा ठेवल्या, चादर खोचली, बाथरूममधी जाऊन नळ सोडला आन् वकीलबाईंना फोन लावला. शामूला सांगावं म्हणलं तर समोरची रूम ह्याला त्यानंच दिलती, ह्यानं मागितली म्हणून दिली का सहज दिली ते मला काय म्हाईत? कुणावर भरवसा ठेवायची सोय न्हवती. वकीलबाईंनी सगळं ऐकलं.  म्हणल्या, पोलीस घेऊन निघते, वीस मिनिटं लागतील, तवर दार उघडता कामा नये. मी म्हणलं, तिला फोन करून सांगा की. म्हणल्या, तिचा मोबाईल मीच काढून घेतलाय आन् रूमचा फोन काउंटरवरनं जातोय.

मग त्या म्हणल्या, "मावशी, तिचं नाव पूर्णिमा. हॉटेलात ते कुणालाच माहीत नाही. नाव घेऊन जो कोणी हाक मारेल तो त्यांचा माणूस, दार उघडायचं नाही, असं मी तिला बजावलंय. तुम्ही चुकूनही ते नाव तोंडातून काढू नका. त्याला अजून खात्री नसेल."

बाथरूम घासत पंधराएक मिनिटं काढली, मग नळ बंद केला. आता रूममधनं भाईर तर निघायला पाहिजे, न्हायतर त्याला वास लागंल. बादली गाडीवर ठेवली आन् गाडी दारातनं काढली. आन् चाक कुरकुरलं.

एकशे नऊच्या दारामागं पावलं वाजली. ती कडीला हात घालत होती. मीच शिकवलतं तिला. तो खुर्चीवरनं अर्धा उठलाच होता, डोळं त्या दारावर.  गाडी थांबवली तरी काय उपेग, पोरीनं आवाज ऐकलाता. नको उघडू म्हणून वरडले असते तर काय झालं म्हणून बघायला तिनं दार उघडलंच असतं, मी तिची मावशी होते. कडी सरकल्याचा आवाज झाला.

मी सगळ्या ताकदीनं हाक मारली. "पूर्णिमा!"

कडी फाडकन पुन्यांदा आत बसली. मग वरची कडी लागली. मग काय तरी जड वढत आणून दाराला लावलं. 

तो माणूस पुरता उभा राहिला. पेपरची घडी घातली, खुर्चीवर ठेवली. मी गाडी आडवी घातली आन् दाराला पाठ लावून उभी राहिले. तो अगदी जवळ आला, अत्तराचा वास येत होता. माझ्या खांद्यावरनं हात घालून त्यानं दोन बोटांनी दार वाजवलं, हळू, मी वाजवते तसंच. म्हणला, मॅडम, रूम साफ करायचीय. माझ्या पाठीला ती टकटक कळली. सांगते, पंधरा वर्षं मी दारं वाजवली, पण आतल्या माणसाला ते कसं लागत असंल ते मला त्या दिवशी कळलं.

दार उघडलं न्हाय. त्यानं मोबाईल काढला आन् कुणाला तरी म्हणला, "सापडली. वर या." मग मला म्हणला, बाजूला व्हा मावशी, तुमचं वय झालंय.  मी जागेवरनं हलले न्हाय. मी गाडीवरची बादली लाथेनं खाली पाडली. बादली जिन्यापतुर घरंगळत गेली, लई आवाज झाला, आन् दारं उघडली. एकशे तीनचा म्हातारा, एकशे सहाची नवराबायको. सगळी बघत उभी राहिली. एवढ्या डोळ्यांम्होरं त्याला काय करता येईना.

जिन्यावर पावलं वाजली. लई जणांची. मी डोळं मिटले, कोण वर येतंय ते बघायची हिंमत झाली न्हाय. मग वकीलबाईंचा आवाज आला. डोळं उघडले तवा दोन पोलीस बाया म्होरं होत्या आन् तो माणूस मागच्या जिन्यानं गेलाता. त्याची माणसं वर आली काय, खालनंच पळाली काय, देव जाणे.

वकीलबाई दाराबाहेरनं बोलल्यावर पोरीनं दार उघडलं. तोंडाला ओढणी, डोळं सुजल्यालं. पोलीस बाया तिला मधी घेऊन घाईनं निघाल्या. मी म्हणलं, बाय, आगं ऐक. ती थांबली. माझ्याकडं असं बघितलं की त्या माणसाकडंबी तिनं तसं बघितलं नसतं.

"तुमच्या हातचा चहा प्याले मी," एवढंच म्हणली. आन् गेली.

शुक्रवारी तिनं कोर्टात सगळं सांगितलं, वहीतलं एकूण एक नाव. शनवारी वकीलबाईंचा फोन आला, त्यांनीच सांगितलं. मी इचारलं, मी का हाक मारली ते तिला सांगितलं काय हो? त्या म्हणल्या, गुरवारपासनं ती पोलिसांच्या पहाऱ्यात होती, कोर्टातबी एकटीशी बोलायला मिळालं नाही, आन् तिथनंच तिला लांब कुठंतरी हलवलंय. कुठं ते मलाही सांगत नाहीत, मावशी, तिच्या भल्यासाठीच.