रामाला वऱ्हाडी येत नाही

बाबांच्या टाचा फुटल्या होत्या. पौषातली थंडी, त्यात दिवसातून आठ-दहा वेळा लोक गार पाण्याने त्यांचे पाय धुवायचे, आणि पुसायचं कुणाला सुचायचं नाही. मुक्कामाला पोचलं की मी बाळाला मांडीवर थोपटत दुसऱ्या हाताने त्यांच्या टाचांना कोमट तेल चोळायची. बाबा डोळे मिटून बसायचे. वय पंचेचाळीस, पण त्या महिन्यात ते मला साठीचे वाटायला लागले होते.

बाबा मूकपटांत राम व्हायचे. पुण्याच्या एका कंपनीत नऊ वर्षं. पातूरच्या माळ्याचा सूर्यभान, सावळा रंग, मोठे डोळे. पडद्यावर ते धनुष्य घेऊन उभे राहिले की अमरावतीच्या, अकोटच्या तंबूत बायामाणसं हात जोडायची, आणि पडद्याशेजारी उभा असलेला माणूस राम काय म्हणतो ते ओरडून सांगायचा. मग बोलपट आले. कंपनीने बाबांचा आवाज घेऊन पाहिला. ‘सीते, मले सांग’ एवढं तोंडून गेलं आणि खोलीतले सगळे हसले. त्याच आठवड्यात ते अकोल्याला परत आले. तेव्हापासून परक्या माणसांत ते बोलेनासेच झाले.

सदतीस सालच्या निवडणुकीत बापूसाहेब वकिलांनी त्यांना नागपूरच्या असेंब्लीसाठी उभं केलं. बाबा कबूल झाले ते एका गोष्टीसाठी. माझी आजी पातूरहून बैलगाडीत टोपल्या घालून बाळापूरच्या बाजाराला यायची. माळणींची जागा बाजाराच्या भिंतीबाहेर, उन्हात. एका वैशाखात ती तिथेच भोवळ येऊन पडली, ती उठलीच नाही. त्या भिंतीला छप्पर हवं आणि प्यायला पाणी हवं, एवढंच बाबांना सभेत उभं राहून सांगायचं होतं. घरी मी बाळाला पाजत बसले की ते माझ्यासमोर उभे राहून ते भाषण म्हणून बघायचे. मधेच अडायचे, पाणी प्यायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

पण बापूसाहेबांच्या मागे दुकानदार होते. छप्पर झालं तर भिंतीसमोरच्या त्यांच्या दुकानांची तोंडं झाकली जाणार होती.

“सूर्यभानजी, तुम्ही नुसते उभे राहा,” बापूसाहेब हसत म्हणाले. “बोलायचं ते मी बोलतो. रामाला वऱ्हाडी येत नाही.”

मग गावोगाव तेच. बाबा हात वर करून उभे, बापूसाहेब शेजारी बोलताहेत, आणि बाया तांब्या घेऊन रांगेत. पायांवरून आलेलं पाणी त्या लेकरांच्या ओठांना लावायच्या. बाबांच्या अंगात कणकण असायची. आई नाही, म्हणून मीच बाळाला घेऊन बापूसाहेबांच्या मोटारीतून त्यांच्यासोबत हिंडत होते. अमरावतीहून ह्यांची तीन पत्रं आली होती. तिन्हींत एकच प्रश्न होता, कधी येतेस.

शेवटची सभा बाळापूरला, बाजाराच्या दिवशी, त्या भिंतीशीच होती. माणिकबाई नावाची एक म्हातारी माळीण मेथीची टोपली बाजूला ठेवून तांब्या घेऊन पुढे आली. पाणी पडणार तोच बाबांनी पाय मागे घेतले.

म्हातारी घाबरली. “देवा, माहं काई चुकलं का? आंगोळ करून आली मी.”

मागच्या बाया थबकल्या. एकीने स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या, मग दुसरीनेही. देव कोपला असंच सगळ्यांना वाटलं. बापूसाहेबांनी संधी सोडली नाही. प्रभू रामचंद्र रुष्ट झाले आहेत, ते का, तर या गावातली मतं भलतीकडे चालली आहेत, असं ते हात उंचावून सांगायला लागले.

बाबा खाली मातीत बसले, म्हातारीच्या समोर.

“माय, रागावलो नाई मी. टाचा फुटल्या हायेत, पानी झोंबते. मी राम नाई वो. पातूरच्या सत्यभामाचा पोरगा हाय. माही माय अठीच बसे, ह्याच भिंतीखाली. अठीच मेली.”

बापूसाहेबांनी त्यांची बाही ओढली. बाबांनी ती सोडवून घेतली आणि बसल्या बसल्या सगळं सांगितलं, छप्पर, पाणी, दुकानदार. आवाज बारीक, मधेच फाटणारा. मागून कुणीतरी म्हणालं, राम तर आपल्यावानीच बोलते बाप्पा, आणि हशा पिकला. पागोटेवाले बडे लोक उठून चालू लागले. थोड्या वेळात निम्मं मैदान रिकामं झालं. माळणी तेवढ्या राहिल्या, त्यांची जागाच ती होती.

माणिकबाईने बाबांचा एक पाय हातात धरून टाच निरखली.

“मंग आंधी काहून नाई सांगतलं रे बाबू? इतल्या बाया पानी ओतून राहिल्या, अन् तू आपला उभा!”

त्या महिन्यात बाबा पहिल्यांदा हसले.

निवडणूक ते हरले, तेही फार मागे पडून. माणिकबाईला आणि तिच्यासारख्या बिनजमिनीच्या, बिनशिक्षणाच्या बायांना मतच नव्हतं. ज्यांना होतं ते राम बघायला आलेले. बापूसाहेब पुन्हा घरी फिरकले नाहीत. मी चार दिवसांत अमरावतीला जाणार होते, ती फाल्गुन आला तरी अकोल्यातच. बाबांची कणकण हटत नव्हती.

माळणी मात्र यायला लागल्या. अकोल्याला माल घेऊन आल्या की ओसरीवर टेकायच्या. पायांना कुणी हात लावत नसे. एकीला विहिरीचं सांगायचं असे, एकीला पोराच्या शाळेचं. बाबा ऐकायचे, अर्ज लिहायचे. उत्तर एकाचंही आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा उतरून जायचा.

एके दुपारी ते नुकतेच आडवे झाले होते. बाळही झोपलं होतं. दारात माणिकबाई आणि आणखी दोघी. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, पुढच्या बाजाराला या, असं मी हळूच सांगितलं. त्यांनी टोपल्या उचलल्या.

आत बाज करकरली.

“शालू, काहून वापस पाठवतं त्यायले? बसा वो माय, आलोच मी.”

मी सतरंजी अंथरली.