बेलाच्या पानाचा पेला

आमच्या देवघरात काचेचा एक जुना पेला आहे. त्र्याण्णव साली लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला. "आता ह्यो तुझा," म्हणाल्या. मी अशी भोळी, की खूश झाले.

पेल्यावर नाजूक कोरीव काम आहे: एका अंगाला कणीस, दुसऱ्या अंगाला तीन-तीन भागांची पानं, खाली दोन इंग्रजी अक्षरं. सासऱ्यांचे वडील चन्नवीरअज्जा लक्ष्मीपुरीत धान्याचे व्यापारी. एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा अज्जांनी त्याचं टेबल विकत घेतलं आणि साहेबानं वर हा पेला दिला. अक्षरं साहेबाच्या आजोबांच्या नावाची. अज्जांना मात्र जोंधळ्याचं कणीस आणि बेलाचं पान दिसलं. धान्याचा व्यापारी, त्यातून लिंगायत, आणखी काय पाहिजे? पेला थेट देवघरात गेला.

तेव्हापासूनचा नेम असा, की रोज सकाळी थोरल्या सुनेनं तो घासायचा आणि पाणी भरून लिंगपूजेला ठेवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हणजे थोरल्या सुनेनं एक रात्रही बाहेर राहायचं नाही. आमच्यात विटाळ पाळत नाहीत याचं लोकांना कौतुक. मला त्यामुळे महिन्याची सुट्टीसुद्धा नव्हती. दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. बाळंतिणीच्या खाटेवर पेला, हात न लावता फडक्यात धरून, आणि तांब्या आणून दिला होता, आहात कुठे.

दोन हजार चार साली गडहिंग्लजला माझी आई, माझी अव्वा, अंथरुणाला खिळली. मी सकाळच्या एस.टी.नं जायची आणि संध्याकाळी परत यायची. निघताना अव्वा पदर धरायची. "आजची रात ऱ्हा की गं," म्हणायची. मी पदर सोडवून घ्यायची. गाडीत बसले की स्वतःचा संताप यायचा आणि त्या काचेचा त्याहून जास्त.

त्याच दिवसांत माझ्या नवऱ्यानं, शिवशरणनं, जुन्या वस्तूंचा एक जाणकार पेला दाखवायला आणला. मिरवायची हौस, दुसरं काय. मी पेला खिडकीशी धरला, तो पावणा न्याहाळून हसला. "हा बेल नव्हे. हा हॉप्सचा वेल, बिअरमध्ये घालतात. आणि कणीस बार्लीचं. साहेबाच्या आजोबांचा बिअर प्यायचा पेला आहे हा."

शिवशरणचा चेहरा उतरला. मला मात्र कुणीतरी दाराची कडी काढल्यासारखं वाटलं. पावणा गेल्यावर मी म्हणाले, "उद्या गडहिंग्लजला चाललोय. राहायला."

"आणि पाणी कोण भरणार?" शिवशरण म्हणाला. "हे भाईर कुणाला कळता कामा नये. नेम मोडला की लोक इचारणार."

म्हणजे दारूचा निघाला तरी सुटका नाहीच. उलट आता त्याची अब्रूही मीच सांभाळायची.

स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "मला ठावं हुतं. साहेबाच्या खानसाम्यानं माझ्या सासूला सांगितलंतं. तिनं मला."

मी त्यांच्याशेजारी बसले. "मग अत्ती, तुम्ही का गप बसलासा?"

"ह्या घरात माझं म्हणून दुसरं काय हुतं गं? दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई, अशी तेवढी एकच वस्तू." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "माझी आई मुरगुडात वारली. मी हितं पाणी भरत हुतो."

त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं, त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी पाणी भरलं, पूजा झाली. मी पेला पुसला, जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. नेम पेल्याचा होता. घराचं नाव त्यात कुणी घेतलं नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि शिवशरणला मोठ्यानं चहासाठी आत हाक मारली.

त्या रात्री मी अव्वाच्या कुशीत झोपले. सकाळी उठून पेला घासला, पाणी भरलं, खिडकीत ठेवला. अव्वाचे ओठ सुकले होते. तिनं पेल्याकडे हात केला. मी तिची मान उचलून धरली.

पेला आमच्या घरी आल्यापासून त्यातून पाणी प्यालेलं पहिलं माणूस म्हणजे माझी आई.