ओपलला उचलताना

हार्लो फोर्क गावच्या शाळेत, सामन्यांत आरोळ्या आणि कसरतींनी संघाला चेव देणाऱ्या चिअरलीडर मुलींची निवड मे महिन्यात व्हायची. यंदा निवडीचा दिवस जवळ आला तसं डेल्फा रकमनला जेवण जाईनासं झालं. ताटातला घेवडा ती चमच्यानं इकडून तिकडे ढकलायची आणि मक्याचा पाव कुस्करत बसायची.

तिची आई वर्ना शाळेच्या भोजनगृहात वाढपाचं काम करायची. तिला वाटलं पोरगी निवडीच्या काळजीत आहे. “अगं, ब्लेडसोबाई स्वतः म्हणाल्या मला, खाली उभं राहून धरायला तुझ्यासारखी दणकट मिळाली नव्हती त्यांना कधी. घे, खा.”

ते खरंच होतं. डेल्फा थोराड हाडाची. चौदाव्या वर्षी वर्गातल्या मुलांपेक्षा वीतभर उंच, पंजे बापासारखे. लहानपणापासून तिनं ‘म्हैस’, ‘ट्रॅक्टर’ असली नावं ऐकून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्याला सगळं गाव मैदानावर लोटायचं, तेव्हा लाल-पांढऱ्या घागऱ्यांतल्या चिअरलीडर तिला दुसऱ्याच जगातल्या वाटायच्या. मग हिवाळ्यात त्यांना शिकवणाऱ्या ब्लेडसोबाईंनी तिचे खांदे चाचपून पाहिले आणि सांगितलं, “वर चढणाऱ्या ढीगभर मिळतात गं. त्यांना धरणारी मिळत नाही.” त्या दिवशी डेल्फा घरी जवळजवळ पळतच आली होती.

वर चढणारी होती तिची मैत्रीण ओपल टीटर. चिमणीएवढी, पण तोंड असं चालायचं की मोठ्या वर्गातले पोरगेही तिच्या वाटेला जात नसत. दोघी बालवाडीपासून एका बाकावर. खाली डेल्फाच्या जोडीला रोनेट नावाची एक शांत मुलगी असायची. दोघींनी ओपलचा एकेक पाय तळव्यांवर घ्यायचा, छातीपर्यंत उचलायचा, मग हात सरळ करून तिला डोक्यावर उभी करायची. निवडीत हेच करून दाखवायचं होतं.

बाईंची सक्त ताकीद होती, पाठीशी जाणतं माणूस उभं असल्याशिवाय कुणी कुणाला उचलायचं नाही. पण सराव कमी पडतोय असं ओपलला वाटत होतं. निवडीच्या आधीच्या शनिवारी तिघी टीटरांच्या परसात जमल्या. ओपल पहिल्या दोन खेपांना छान उभी राहिली. तिसऱ्या वेळी ती वरती डुलली, तिचा पाय तळव्यावरून सरकून डेल्फाच्या तोंडाकडे आला, आणि डेल्फानं डोळे मिटले. नुसते मिटले असते तरी चाललं असतं. तिनं हात काढून घेतले आणि ती मागे सरली.

एकट्या रोनेटला ते वजन पेलवणं शक्य नव्हतं. ओपल खांद्यावर आणि मानेवर आपटली. ओलं पोतं टाकावं तसा आवाज झाला. ती नुसती तोंड उघडून पडून राहिली, श्वासच येईना. मग एकदाचा खोल श्वास आला, ती उठून बसली, रडता रडता हसली आणि म्हणाली, “माझाच तोल गेला. आईला सांगाल तर बघा.”

हात आपण काढले हे डेल्फानं सांगितलं नाही. तेव्हापासून तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता. शाळेत जिना उतरताना, वर्गात बाक ओढला गेला की तो यायचा. तळहातांना सारखा घाम सुटायचा, पँटवर पुसून पुसून तिथं डाग पडले होते. ओपल मान न वळवता सगळं अंगच वळवून बोलायची, ते पाहिलं की डेल्फा नजर दुसरीकडे वळवायची. पडण्याचं भय तिला कधीच नव्हतं, तिचे पाय जमिनीवरच असायचे. तिला भय होतं ते स्वतःच्या हातांचं. ऐन वेळी ते काय करतील हे तिला आता ठाऊक नव्हतं.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी तिची थोरली बहीण तान्ह्या बाळाला घेऊन आली. वर्नानं भांडी घासता घासता हाक मारली, “डेल्फा, बाळाला घे जरा, ताईला चार घास खाऊ दे.”

डेल्फानं दोन्ही हात पाठीमागे नेले. “मला नको.”

“नको म्हणजे? परवापर्यंत तर खाली ठेवत नव्हतीस.”

“नको म्हटलं ना, आई! पडेल तो!”

वर्ना हात पुसत आली. पोरीच्या तोंडाकडे पाहून तिनं बाळ स्वतःकडे घेतलं आणि डेल्फाला मागच्या पायरीवर नेलं. तिथं मग सगळं बाहेर आलं, परस, मिटलेले डोळे, काढून घेतलेले हात. वर्नानं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“ओपलला सांगितलंस?”

“नाही.”

“उद्या ती पुन्हा तुझ्या हातावर चढणार?”

“हो.”

“मग चढायच्या आधी तिला सांग. तिची मान आहे ती, बाई. ठरवू दे तिला.”

“ती माझ्याशी कधीच बोलणार नाही.”

“नाही बोलणार कदाचित,” वर्ना म्हणाली. तिनं खोटा धीर दिला नाही, आणि डेल्फाला त्यामुळे जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेमागच्या कपडे बदलायच्या खोलीत ओपल केसांना रिबिन बांधत होती. बाहेरून टाळ्यांचा, आरोळ्यांचा आवाज येत होता. डेल्फानं दार लोटलं. ती दारातच उभी राहून म्हणाली,

“शनिवारी तुझा तोल नव्हता गेला. म्हणजे थोडा गेला होता. पण मी... मी हात काढले.”

ओपलनं रिबिनीची गाठ मारली. “ठाऊक आहे मला.”

“काय?”

“वरून तुझंच तोंड दिसतं मला, शहाणे. डोळे मिटलेस, मागे गेलीस. सगळं पाहिलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कधी बोलतेस ते बघत होते!” ओपलचा आवाज एकदम फाटला. “सगळा आठवडा गेला! रात्री कूस बदलता येत नाही मला. आणि आज सांगतेस? आत्ता? दारात?”

“बाईंना सांगून मी दुसऱ्या गटात जाते.”

“मग जा ना!”

पण जायला वेळच उरला नव्हता. दारातून ब्लेडसोबाईंनी नावं पुकारली, “टीटर, रकमन, आणि ती रोनेट! चला!” तिघी गादीवर आल्या. मागे आधाराला वरच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. समोरच्या टेबलाशी बाई आणि दोन परके परीक्षक बसले होते. डेल्फानं तळवे मांड्यांवर पुसले, पुन्हा पुसले. ओपलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट आवळला. तिला कधी भ्यालेली डेल्फानं पाहिलं नव्हतं, आणि त्यानं तिचं उरलंसुरलं अवसान गळालं.

“डोळे मिटलेस ना,” ओपल दातांतल्या दातांत पुटपुटली, “तर बघ.”

ती चढली. छातीपर्यंत ठीक. मग हात सरळ झाले, ओपल वर उभी राहिली, आणि तिचा गुडघा लटलटायला लागला. ती थरथर बुटातून डेल्फाच्या मनगटात उतरत होती. खाली घ्या म्हणायच्या आतच ओपल कलली. बूट थेट तोंडावर येताना डेल्फाला दिसला. सगळं अंग म्हणत होतं, सर मागे. डेल्फा पुढे गेली. ओपलचं कोपर तिच्या नाकावर बसलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ओपलची कंबर तिच्या दोन्ही हातांत होती. रोनेटनं आणि मागच्या मुलीनं खांदे धरले. ओपलचे पाय हळूच गादीला टेकले.

डेल्फाच्या नाकातून रक्त ओठांवर आलं. एक परीक्षक अर्धवट उठला. ब्लेडसोबाईंनी कापूस आणून कोंबला, हाड चाचपलं आणि विचारलं, “थांबायचं, की पुन्हा?”

डेल्फानं ओपलकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं ‘नको’ म्हणावं असं डेल्फाला मनापासून वाटत होतं.

“पुन्हा,” ओपल म्हणाली, आणि डेल्फाच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्यांदा ती उभी राहिली. सुंदर काही नव्हतं ते. गुडघा तसाच लटलटत होता, हसू रडल्यासारखं दिसत होतं. डेल्फा तोंडानं श्वास घेत वर बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी लवू दिली नाही तिनं.

संध्याकाळी बाईंनी व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून निकाल सांगितला. रोनेटचं नाव आलं, डेल्फाचं आलं. ओपलचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या तेव्हा डेल्फा गर्दीतून वाट काढत गेटाशी पोचली. ओपल वडिलांच्या गाडीत चढत होती.

“मी बाईंना नाही म्हणून सांगते.”

“वेड लागलंय का?” ओपलचे डोळे सुजले होते. “नाक फोडून घेतलंस ते नाही म्हणायला?”

“माझ्यामुळे गेलं तुझं.”

“हो, थोडं तुझ्यामुळेच. राग गेलेला नाहीये माझा. इतक्यात जाणारही नाही.” तिनं दार ओढून घेतलं, मग काच खाली केली. “सोमवारपासून कुणाला उचलणार आहेस?”

“माहीत नाही. मोठ्या वर्गातली असेल कुणीतरी.”

“तिला आधीच सांग, घाबरतेस म्हणून.”

“मग चढेल ती?”

 “काय की,” ओपल म्हणाली.

गाडी गेली. मागे पायऱ्यांवरून कुणीतरी डेल्फाच्या नावानं आनंदानं हाका मारत होतं. नाक ठणकत होतं. तिनं ओले तळवे पँटला पुसले आणि ती त्यांच्याकडे जायला वळली.