आधी डाग कुणाला?

केराबाईचं पोर, रेवण, दोन दिवस खोकत होतं. आज तर दर श्वासाला त्याचं पोट भात्यासारखं हलायला लागलं. "डबा झालाय," सासूनं, अंबुबाईनं, निकाल देऊन टाकला. डबा म्हणजे पोटावर तापल्या सळईचे डाग, याबद्दल त्या गिरणीच्या चाळीत कुणालाच शंका नव्हती. अंबुबाईचा हात तर त्या कामात चांगलाच बसलेला. शेजारणी आपली पोरं तिच्याकडं आणायच्या आणि पोरं तिला बघूनच भोकाड पसरायची.

सासू सळई शोधायला वळली, तशी केराबाईनं रेवणला पदराखाली घेतलं आणि थेट ईश्वरप्पा डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोराच्या पाठीवर बोटं ठोकून पाहिली, नळी लावली आणि विचारलं, "घरात आधी कोण खोकलं?"

"आत्याबाई. मंद्रूपच्या बाजारातनं आल्या त्या नाक पुशीतच. मग ह्यांनी धरलं, मग मी, मग ह्यो."

"मग बरंच म्हणायचं. तो वाईट न्यूमोनिया बहुतेक एकट्या पोराला एकाएकी गाठतो. अंग फणफणतं, छातीची एक बाजू भरल्या पोत्यासारखी बद्द वाजते. याच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत. घरातली सर्दीच खाली उतरलेली दिसते. पण नळीला सगळंच कळतं असं नाही, तेव्हा लक्ष ठेवा. ऊब द्या, अंगावर पाजत राहा. दूध सोडलं, ओठ निळे पडले, तर धावत या. आणि डाग नका देऊ. पोराला आधीच काय कमी त्रास आहे?"

घरी सळई लालबुंद झाली होती. नवरा, भिमा, चुलीशी मान खाली घालून बसलेला. आईपुढं त्याची नेहमीच दातखीळ बसायची.

"आण त्याला हिकडं," अंबुबाई म्हणाली.

केराबाईनं पोराला आणखीच छातीशी धरलं. "द्या की डाग, आत्याबाई. पन डागदर म्हनले, आजार सगळ्यांचा एकच हाय. मग वळीनं द्या. आदी तुमी घ्या, मग ह्यास्नी, मग मला. शेवटाला पोराला."

भिमाचा हात आपसूक पोटावर गेला. अंबुबाई संतापून बोलायला गेली आणि तिलाच खोकल्याची उबळ आली. उबळ थांबली तशी तिनं पोराकडं पाहिलं.

"म्हंजी... माज्यापासनं लागलं व्हय गं त्याला?"

केराबाईला एवढं नको होतं. तिला फक्त पोराचं पोट वाचवायचं होतं. "सर्दी कुनापासनं बी लागती की," ती घाईघाईनं म्हणाली.

अंबुबाईनं सळई पाण्यात बुडवली. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर बसू लागली. नातवाला मांडीवर घेईना, नुसती लांबून त्याच्याशी बोबडं बोलत राही. केराबाईला सवयीप्रमाणं सासूचा राग यायला हवा होता, पण तिला उलट भरूनच यायचं.

हळूहळू रेवणचा श्वास निवांत झाला, खोकला गेला. अंबुबाईचाही गेला. एका सकाळी पोर रांगत उंबऱ्याशी आलं आणि आजीचं लुगडं धरून वर चढायला लागलं. अंबुबाईनं हात मागंच ठेवले आणि सुनेकडं पाहिलं.

"घिऊ का गं?"

लग्न होऊन आल्यापासून सासूनं आपल्याला काही विचारल्याचं केराबाईला आठवत नव्हतं.

"घ्या की, आत्याबाई," ती म्हणाली.