निळ्या कागदातली ढेप

मित्रांनो, मी मेकनेस शहरातल्या एका घरातला जुना पितळी हातोडा आहे. हातोडा म्हटल्यावर लगेच खिळे डोळ्यांसमोर आणू नका. आमच्याकडे साखरेची उभी ढेप येते, निळ्या कागदात गुंडाळलेली. ती फोडण्याचं मानाचं काम माझं. मला घडवणाऱ्या तांबटाने माझ्या मानेवर पुदिन्याचं पान कोरलं होतं. आता ते पार झिजलंय.

चाळीस वर्षं घरधनी सल्लाम मला हाती घेऊन चहाला बसत. पाहुणे म्हणत, "चहा करावा तर सल्लामनेच." मला वाटे, हे कौतुक माझंच आहे.

मग त्यांना मधुमेहाने गाठलं. इन्सुलिनची सुई आली. यंदा त्यांनी पाव सोडला, खजूर सोडले, साखरही सोडली. चहात साखरेऐवजी कृत्रिम गोडीचे थेंब पडू लागले आणि मी फडताळात गेलो. शेजारी लेकीच्या मागणीला वरपक्षाने आणलेली ढेप होती. शकुनाची म्हणून सल्लामची बायको ताम्मूने ती जपून ठेवली होती. खालून चहाचा वास आला की माझा जीव तुटायचा.

एका दुपारी सल्लाम थरथरू लागले. घामाने डबडबले, बोलणं भरकटलं. ताम्मूने घाईघाईने चहा केला आणि थेंब जरा जास्तच घातले.

"घ्या, चांगला गोड केलाय. बरं वाटेल."

दोन पेले झाले तरी थरथर वाढतच होती. तिची हाक ऐकून शेजारची इत्तो धावत आली. ती स्वतःच्या आईला रोज सुई टोचायची.

"अगं, ते थेंब नुसते जिभेला गोड. त्यांनी रक्तातली साखर चढत नाही. खरी साखर आण."

"घरात कुठाय? सगळी वाटून टाकली मी." मग तिची नजर फडताळाकडे गेली. "पण ती शकुनाची आहे गं."

"नवऱ्यापेक्षा शकुन मोठा झाला का तुला?"

ताम्मूने मला उचललं. घाईत पहिला घाव हुकला. दुसरा मी हुकू दिला नाही. पाण्यात खडे विरघळले, सल्लाम घोट घोट प्याले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे नीट उघडले.

"ताम्मू, पुदिना घालायला विसरलीस."

ती हसता हसता रडू लागली.

डॉक्टर मात्र चांगलेच रागावले. "खाणं कमी केलंत, मग सुई पूर्वीएवढीच का? आधी मला विचारायचं नाही?" त्यांनी इन्सुलिन कमी करून दिलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातलं औषधावरचं माणूस पथ्य बदलणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि थोडी खरी साखर हाताशी असू द्या.

मी पुन्हा फडताळात आहे, शेजारी फुटकी ढेप. ताम्मू जवळ आली की माझा जीव खालीवर होतो. तिने मला उचलावं असं फार फार वाटतं. ती नुसती धूळ पुसून निघून जाते. तेव्हा कळतं, सल्लाम बरे आहेत.