राणीसाहेबांचं इन्शाल्ला

सिसिलियाबाईंना नम्रतेची भारी हौस, आणि ती भागवायला त्यांनी अख्खं नाटक बसवलं. साल एक्याऐंशी. कतारमधल्या दोह्यात तेव्हा चर्च नव्हतं, म्हणून वसईकर मंडळी मदिनत खलीफातल्या त्यांच्याच बंगल्यात जमत. संत एलिझाबेथच्या सणाला नाटक ठरलं: हंगेरीची राजकन्या, राजवाडा सोडून गोरगरिबांचे पाय धुणारी. राजकन्या अर्थातच सिसिलियाबाई.

भिकारी व्हायला कुणाचाच नवरा तयार होईना. मग त्यांच्या ड्रायव्हरला, साताऱ्याकडच्या धोंडीरामला, उभं केलं. त्याला मेकअपचीही गरज नव्हती. "पाय डेटॉलनं तीनदा धुऊन ये हं," बाईंनी बजावलं, कारण ते त्यांना सगळ्यांसमोर धुवायचे होते.

धोंडीरामचं चित्त नाटकात नव्हतं. गावी मुलगी जन्मली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि बापानं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पासपोर्ट माडीवर, बाईंच्या नवऱ्याच्या, पास्कलसाहेबांच्या कपाटात. रजा मागितली की साहेब म्हणत, "इन्शाल्ला." बाईंना शब्द टाकायला सांगितलं, तर त्याही म्हणाल्या, "इन्शाल्ला." देवाच्या मर्जीवर सोडलेलं काम त्या घरात पुन्हा कुणी हातात घेत नसे.

नाटकाच्या दिवशी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत फादर, शेजारी साहेब. सोन्याच्या बांगड्या न काढताच राजकन्या गुडघ्यांवर बसली, परातीत पाय धुतले आणि पाठ केलेलं म्हणाली, "माग बाबा, काय हवं ते माग. मी तुझी दासी." यावर धोंडीरामनं भाकरी मागायची, आशीर्वाद द्यायचा, की पडदा.

धोंडीराम म्हणाला, "माझा पासपोट द्या, राणीसाहेब. पोरीला बघायचंय."

बाई गडबडल्या, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "इन्शाल्ला."

हंगेरीच्या राजकन्येचं अरबी ऐकून हॉल खदखदून हसला. फादरनीही रुमाल तोंडाला लावला. साहेब तेवढे हसले नाहीत.

"आशीर्वाद दे, मेल्या," बाई खालून पुटपुटल्या. त्याशिवाय पडदा पडणार नव्हता आणि त्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

"देतो की," धोंडीराम म्हणाला. "इन्शाल्ला."

हसणं थांबलं. परातीतला पाय त्यानं हलवला नाही. उद्या नोकरी राहील की नाही, कुणी सांगावं. फादरनी मान वळवून साहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेब उठले आणि जिना चढून वर गेले.

पासपोर्ट हातात आल्यावर धोंडीरामनं बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुमचं भलं करो," तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

पडदा पडला, पुन्हा उघडला. टाळ्या थांबेनात. राजकन्या चारी दिशांना वाकून नमस्कार करत होती, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, किती गं नम्र ही सिसिलिया. भिकारी मात्र ओल्या पायांनीच फाटकाबाहेर पडला होता.